भिंतीवरची वेल आणि बाबांचा हात

आमचे सर नेहमी म्हणायचे, "माणूस हात हलवतो तेव्हा त्याला काय हवं असतं, ते आधी शोधा. कोडिंग नंतर."

मी नाशिकच्या कॉलेजात डिजिटल कला शिकत होते. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी भिंतीवर प्रोजेक्टरने द्राक्षाची वेल उमटवली होती. समोर उभं राहून हात हलवला की कॅमेरा तो टिपायचा आणि हात वर गेला की वेल वाढायची, आडवा फिरला की छाटली जायची. प्रत्येक कृतीमागे हेतू असतो, हातात साधन असतं, भोवती माणसं आणि त्यांचे रिवाज असतात, हा सिद्धांत मला तोंडपाठ होता. म्हणून दिंडोरीला घरी जाऊन मी आमच्या द्राक्षबागेतल्या छाटणीचं चित्रीकरण केलं. हेतू ठरला: छाटणी.

प्रदर्शनात छाटणी कोणीच केली नाही. लोक नाचले, वेलीला टाटा केला, सेल्फी काढले. मी नुसती बघत राहिले.

दुपारी आई बाबांना घेऊन आली. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि व्यायामाचं नाव काढलं की ते तोंड फिरवायचे.

"काय करायचं हाय?" त्यांनी विचारलं.

"हात वर करा, बाबा."

मला वाटलं, डावा उचलतील. त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि तो खांद्यापर्यंत नेला. वेलीला पालवी फुटली. हात खाली आला, पुन्हा वर गेला. कपाळावर घाम आला तरी ते थांबेनात. मागे रांग लागली होती.

मग मी कॉलेजकडून प्रोजेक्टर आणि कॅमेरा मागून आणला आणि तीच वेल घरच्या भिंतीवर लावली. बाबांनी एकदा पाहिलं आणि चहा मागितला.

"हात उचला ना."

"आता कशाला?"

आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, त्यांला वाटलं तुझी परीक्षा हाय. वेल नाय हालली तर पोरीला नापास करतील."

हे बाबांना सांगितलं तर ते चिडले. "तसं काय नाय. हिरवं दिसत व्हतं, बरं वाटलं."

हिरवं तर घरच्या भिंतीवरही तेवढंच होतं.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलंच, "वडिलांचा हेतू काय होता?"

"कळलं नाही सर. त्यांना विचारलं, आईला विचारलं. दोघं वेगवेगळं सांगतात."

सरांनी पुढचा प्रश्न कॅमेऱ्याबद्दल विचारला.

मी पास झाले. बाबांचा हात आहे तसाच आहे. आता नवं काम करायला घेतलं की पहिल्याच ओळीत 'हेतू' लिहावा लागतो, आणि मी तिथेच अडते.