शेवटी काढलेले डोळे

काळुरामच्या उजव्या हाताला कंप सुटला होता आणि ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

हमरापुरात गणपतीचे डोळे आखणारे हात पुष्कळ. पण काळुरामच्या मूर्तीची नजर माणसाला दारातच थबकवते, असं लोक म्हणत. होळीनंतर एका मूर्तीचा डावा डोळा किंचित वर गेला. कोणी बघायच्या आत त्याने तो पुसला. डोळा गेला, भीती राहिली.

त्यातच वेबसाइटचं झालं. घरबसल्या मूर्ती मागवता याव्यात म्हणून रोह्याच्या नम्रताने ती दिवाळीत करून दिली होती. वैशाख उजाडला तरी तिच्यावरून एक मागणी नाही. नम्रता फोनवर म्हणाली, "काका, रोज माणसं येतात, बघतात आणि निघून जातात."

बघून निघून जातात! काळुरामने एकच अर्थ काढला. म्हणजे दिवाळीत काढलेल्या फोटोंतल्या डोळ्यांतही कंप होता, आणि तो साऱ्या मुंबई-पुण्याला दिसला. मुलगा हरेश तर बोलून मोकळा झाला होता : वटपौर्णिमेपर्यंत मागणी आली नाही, तर कारखान्याची शेड डोलवीच्या एका ठेकेदाराला कामगार ठेवायला द्यायची.

सोमवारी नम्रता स्वतःच आली. शेजारची इंदुबाई मासळीची पाटी रिकामी करून परतत होती, तिला नम्रताने आत बोलावलं.

"मावशी, तुमच्या फोनवर एक गणपती मागवा. काकांना ओळखत नाय, असं समजा. मी काय सांगणार नाय. काका, तुम्हीपण तोंड उघडायचं नाय."

"मला कशाला गो फोन? माझा गणपती ह्याच्याकडचाच. तो पण दरवर्षी उशिरा!" इंदुबाई हसत बसली.

तिने वेबसाइट उघडली, पण बराच वेळ पडद्यावर काही येईना. "झोपला काय रे काळूदादा, तुझा कारखाना?"

मग फोटो आले. माती. साचा. पांढरा रंग. पुन्हा पांढरा रंग.

"ह्ये काय? सगळे आंधळे गणपती!"

'खाली जा, खाली जा,' असं काळुरामच्या ओठांवर आलं होतं. त्याने थरथरता हात मांडीखाली दाबून धरला. इंदुबाईने फोन नंबरवर बोट टेकवलं. दोनदा टेकवलं. नंबर फोटोतच रंगवलेला, तो लागणार कसा? तिने फोन खाली ठेवला. "बंद हाय."

"काका, डोळे कुठे आहेत?" नम्रताने विचारलं.

"शेवटी. डोळे शेवटीच काढतात."

त्यानेच हट्ट धरला होता, की मूर्ती घडते त्याच क्रमाने दोनशे फोटो लावायचे. कारखान्यात गिऱ्हाइकाला सगळंच दाखवतात, तसं.

"कारखान्यात माणूस आत येतो, फिरतो. इथे तो उंबऱ्यावरूनच परत जातो. तुमचे डोळे कुणी बघितलेच नसतील," ती म्हणाली. "चूक माझीपण आहे. तुमची वेबसाइट मी आधीच एका परक्या माणसाच्या हातात द्यायला हवी होती."

काळुरामला हायसं वाटलं, पण घटकाभरच. आजवर कुणी बघितले नाहीत. आता सगळे बघतील.

नम्रताने दोनशेतले सहाच फोटो ठेवले, तेही हलके करून, लगेच उघडतील असे. मागणीचं फिकट बटण गडद आणि रुंद केलं. बोट लावताच फोन लागेल असा नंबर वर घेतला. बटण दाबल्यावर 'तुमची मागणी पोचली' असं दिसेल, हेही केलं; नाहीतर माणूस घुटमळतो.

"आता पहिला फोटो. आज आखलेले डोळे, अगदी जवळून."

"लांबून काढ गो."

"नाय काका, जवळून."

त्याने कुंचला उचलला. टोक हललं. इंदुबाईने ते पाहिलं. काळुरामने श्वास रोखला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि रेघ ओढली. मग दुसरी.

"बघतोय गो माझ्याकडे," इंदुबाई हळूच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. नाशिकची कोणी बाई होती. "फोटोतल्यासारखीच नजर हवी. तुम्हीच काढाल ना?"

काळुरामला नाही म्हणावं, असं अगदी आतून वाटलं.

"काढतो," तो म्हणाला. फोन ठेवून त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

"बायजा, जरा इकडं ये. माझं मनगट धर."