सात वेढ्यांची वळकटी

आमच्या घरात अंथरुणाची वळकटी सात वेढ्यांनीच बांधायची. सहा चालत नाहीत, आठ तर मुळीच नाहीत. सात वेढे म्हणजे सप्तर्षी, असं मोठी माणसं सांगत आणि बांधून झाल्यावर वळकटीला नमस्कारही करायला लावत. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये पलंग आहेत, वळकटी कसली करणार? तरी पाहुण्यांची गादी बांधून ठेवताना माझा हात अजून सात मोजल्याशिवाय थांबत नाही.

रास अल खोरच्या ज्या गोदामात मी स्टोअर्सचं काम बघते, तिथे दोरखंड आणि ताडपत्र्या येतात. एकदा कोणी हाताशी नव्हतं म्हणून मीच एक ताडपत्री गुंडाळून बांधली. आमचे म्हातारे स्टोअरकीपर, उमेदीची वर्षं नौदलात काढलेले, बघतच राहिले.

"मॅडम, ये किसने सिखाया? ये तो हॅमॉक बाँधने का तरीका है. पुराने जहाज पे रोज सुबह यही करते थे, पूरे सात फेरे."

हॅमॉक म्हणजे खलाशांची झोपायची कापडी झोळी. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्या झोळीला हात जोडत आलो होतो. मला इतकं हसू आलं की दुपारीच बाबांना गावी फोन लावला.

बाबा हसले नाहीत. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, लहानपणी कोकणातून बोटीवर पळाले आणि विलायतेत "जहाजावर शिकले", एवढंच घरात ठाऊक होतं. बाबा ते चारचौघांत मान ताठ करून सांगत. "मग शोध की जरा," ते म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच, "काही कळलं का गं?"

तिकडच्या दप्तरखान्याशी कित्येक महिने पत्रव्यवहार केला, तेव्हा कुठे रजिस्टरच्या एका पानाचा स्कॅन आला. ते जहाज म्हणजे शाळा नव्हतीच. किनाऱ्यापासून दूर नांगरून ठेवलेलं जुनं लढाऊ जहाज होतं ते, आणि कोर्टाने पाठवलेल्या पोरांना तिथे खलाशाचं काम शिकवून सुधारत. पणजोबांचा गुन्हा, लोकरी कोटाची चोरी. पुढे उंची, वजन, काळे डोळे. एवढंसं पोर, त्या थंडीत. आता बाबांना काय सांगायचं?

रविवारी मन घट्ट करून सांगून टाकलं.

"ते माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "आजोबांनीच सांगितलेलं. कोट चांगला होता म्हणाले."

मी भडकलेच. "मग मला कशाला कामाला लावलंत?"

"मधे कधी त्यांना घरी सोडलं होतं का, तेवढं बघ. ते कधी बोलले नाहीत त्यावर. त्यांची आई बोटीच्या वेळेला बंदरावर जाऊन बसायची म्हणे."

पानाच्या कडेला रजेचा रकाना होता. मी तो आधी पाहिलाही नव्हता.

"रिकामा आहे, बाबा. चारही वर्षं."

"चार," ते म्हणाले. मग अगदी सहज विचारावं तसं, "तुझं हे तिसरं ना?"

पहिल्या वर्षी माझी रजा स्टॉक मोजणीत गेली, दुसऱ्या वर्षी मुलीच्या परीक्षेत. दोन्ही वेळा मी "पुढच्या महिन्यात येते, इन्शाल्ला" म्हणाले होते आणि बाबांनी "बरं" म्हटलं होतं. बाबांची मला रोज आठवण येते, पण ती कुठल्याच रकान्यात भरता येत नाही.

"ठेवतो आता," बाबा म्हणाले. "तुझी गादी उन्हात घातलीय सकाळपासून. गुंडाळून ठेवायला हवी."