बेडकाचं विष आणि माझी चप्पल
रायपूर राजधानी झालं आणि बूढापारा या मोहल्ल्यातले आमचे घरमालक, कालपर्यंतचे साधे बाबू, एकाएकी मंत्रालयातले साहेब झाले. साहेबाला शोभावा म्हणून त्यांनी कुत्राही पाळला. एका संध्याकाळी त्या कुत्र्यानं अंगणातला खडबडीत पाठीचा बेडूक तोंडात धरला, लगेच टाकला, आणि कुत्रा तोंडाला फेस येऊन झोकांड्या खाऊ लागला.

"मिर्गी होय हे," साहेबांनी निकाल दिला. "चप्पल सुंगवा त्याले."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. म्हटलं, साहेब, या बेडकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्या दाबल्या गेल्या की दुधासारखं विष निघतं आणि ते हृदयाचे ठोके बिघडवतं. आधी कुत्र्याचं तोंड धुवायला पाहिजे.

"मॅडम, तुम्ही पुस्तकातलं सांगून राहिल्या," म्हणत त्यांनी दारातली हाताला लागली ती चप्पल उचलली. ती माझी होती.

ते कुत्र्याच्या नाकाशी चप्पल धरून बसले. मी नळाची नळी ओढून आणली, त्याचं डोकं खाली धरलं आणि तोंड धूत राहिले. तासाभरानं कुत्रा उठून शेपूट हलवू लागला.

साहेबांनी पाऱ्यात सगळ्यांना सांगितलं की चपलेनं कुत्रा वाचला. पुढं कुणाला साधी चक्कर आली तरी माणसं माझ्या दारात. माझी एम.एस्सी. त्या पाऱ्यात कुणाला कधी लागली नाही. चप्पल मात्र मागून न्यायचे, आणि तीही डावीच. उजवीनं गुण येत नाही म्हणे.