काळी तीन आणि उन्हात ठेवलेले सेल

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी जेवणानंतर वाचतो, आणि तेही हसायला. पिंपळाखाली उभी असलेली बाई, मागून येणारी हाक वगैरे... ती बाई एवढी वर्षं एकाच जागी उभी राहून कंटाळत कशी नाही, हा माझा जुना प्रश्न आहे. बायको म्हणते, तुमच्यापुढे काही सांगायचीच सोय नाही. तर असा मी. म्हणूनच हे लिहायला एवढी वर्षं गेली. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा, माझ्या जागी दुसरा असता तर मीही हसलोच असतो.

माझं नाव सलीम. गाव सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर. घराच्या पुढच्या खोलीत अब्बांचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. पेटी म्हणजे हार्मोनियम. नागभीडपासून पार गडचिरोलीपर्यंतची भजनमंडळं, नाटकवाले, सगळ्यांच्या पेट्या आमच्या ओट्यावर यायच्या. अब्बा घरात हिंदी बोलत आणि दुकानात मराठी. पण राग आला की घरातही मराठीच. अब्बांनी मराठी सुरू केली की अम्मी मुकाट्याने चहा ठेवायची.

अब्बांचा एक नेम होता. पेटी नवी असो की जुनी, स्वतःची असो की गिऱ्हाइकाची, घराबाहेर पडण्याआधी तिच्यावरून अब्बांचा हात फिरलाच पाहिजे. डावीकडून सुरुवात. एकेक पट्टी, काळी-पांढरी एकही न सोडता, एका चालीत उजवीकडे. एखादी पट्टी अडली तर तिथंच थांबत, ती तीनदा दाबत, आणि पेटी परत पाटावर घेत. सगळं ठीक असलं तर झाकणावर दोन बोटांनी दोनदा टकटक करत. ती टकटक झाली की पेटी जायला मोकळी. मी लहानपणापासून हे रोज ऐकत आलो. हजार माणसांनी तशा पट्ट्या दाबल्या तरी त्यातला अब्बांचा हात मी ओळखीन.

२००२च्या डिसेंबरात मी नागपूरहून डिजिटल पियानो आणला. काखेत मारून नेता येईल असा, एकसष्ट पट्ट्यांचा, विजेवर चालणारा आणि वीज नसली तर सहा मोठ्या सेलवर. सीझनमध्ये नाटकांत वाजवायचो मी, आणि सगळ्या मंडळ्या आता हेच मागू लागल्या होत्या. तीन आठवडे मी दुसरं काहीच केलं नाही. शंभर आवाज! बासरी, सनई, व्हायोलिन, घंटा, आणि एका नंबरवर तर चक्क पक्ष्यांची किलबिल. ट्रान्सपोजचं बटण दाबलं की गाणाऱ्याची पट्टी काळी पाच असो की पांढरी दोन, आपली बोटं आपल्या सवयीच्या जागी. डाव्या हाताला तबला, उजव्या हाताला सतार. आपण वाजवलेलं तोच लक्षात ठेवतो आणि परत वाजवून दाखवतो. हळू दाबलं तर हळू वाजतो, जोरात दाबलं तर जोरात. मी माहितीपुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. जेवताना मांडीवर पियानो. अम्मी म्हणायची, त्याला पण एक भाकर वाढू का?

अब्बा त्याला डब्बा म्हणत. दुरून ऐकत, पण हात लावत नसत. मीही कधी म्हटलं नाही की लावा.

जानेवारीत पहिलं काम मिळालं. गडचिरोलीच्या वाटेवर जंगलातलं एक छोटं गाव आहे, नाव देत नाही. तिथल्या शाळेचं स्नेहसंमेलन, मेश्राम गुरुजींना मुलांच्या गाण्यांना साथ हवी होती. त्या गावचा ट्रॅक्टर उन्हाळी धानाचं बियाणं न्यायला सिंदेवाहीला आला होता, गुरुजींनी सांगितलं सामान त्यावरच टाका. ट्रॅक्टर दारात उभा. मी पियानो चादरीत गुंडाळून निघालो तर अब्बा ओट्यावर उठून उभे.

"काऊन रे, साज घरातून निंगून राह्यला, हात नाई फिरवाचा काय?"

मला घाई होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आणि खरं सांगायचं तर तीन आठवड्यांत मी जरा हवेतच होतो. मी म्हणालो, "अब्बा, याचा सूर कंपनीतूनच लागून येतो. इथं तुमच्या हाताचं काही काम नाही."

अब्बा खाली बसले आणि कानस घेऊन समोरच्या पेटीचा सूर, म्हणजे आतली पितळी पट्टी, घासायला लागले. मी धानाच्या पोत्यांवर पियानो ठेवला आणि निघालो. त्यानंतर पाच दिवस अब्बा माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज सकाळच्या बसने तालमीला शाळेत जात होतो, संध्याकाळच्या शेवटच्या बसने येत होतो, पियानो शाळेच्या कपाटातच राहत होता. घरी येऊन सांगावं, चुकलो म्हणावं, असं रोज वाटायचं. रोज उद्यावर गेलं.

पाचवा दिवस. अम्मी आदल्या दिवशीच भद्रावतीला मावशीकडे लग्नाला गेली होती, घरी अब्बा एकटे.

शाळेत लोडशेडिंग, सकाळपासून लाईट नाही. सेल पण दम तोडत होते, सूर रडायला लागले होते. आता आमच्याकडे सेल बसले की काय करतात हे तुम्हाला ठाऊकच असेल... उन्हात ठेवतात. तास-दोन तास चांगले तापले की पुन्हा जोर धरतात. रेडिओचे, बॅटरीचे, सगळ्यांचे. मी सहाही सेल काढले आणि व्हरांड्याच्या छपरावर कवेलूंवर ओळीने मांडले. स्वतःच्या हाताने मांडले. पियानो उलटा करून सेलचं झाकण उघडं ठेवलं होतं, मग परत सरळ करून टेबलावर ठेवला. वायर कुठेच जोडलेली नव्हती. जोडून फायदा काय, लाईटच नव्हती!

दुपारची एक-सव्वाची वेळ. मुलं जेवायला घरी गेलेली. वर्गात मी आणि मेश्राम गुरुजी, दोघंच. गुरुजी हजेरीपट भरत होते, मी डबा उघडून जेवत होतो. बाहेर लख्ख ऊन.

आणि पियानो वाजला.

डावीकडची पहिली पट्टी खाली गेली, वर आली. मग दुसरी. मग तिसरी. आवाज येत होता आणि पट्ट्या दबत होत्या, मी दोन्ही डोळ्यांनी बघत होतो, पाच हातांवरून. समोर कुणी नाही. एकेक पट्टी, काळी-पांढरी एकही न सोडता, एका चालीत उजवीकडे... माझ्या हातातला घास हातातच राहिला. गुरुजींकडे बघितलं तर त्यांचा पेन थांबलेला, तोंड उघडं.

ते सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. पट्ट्या दबत दबत शेवटच्या सप्तकात पोचल्या. तिथली काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, खाली गेली आणि जरा अडून, उशिराने वर आली. पुन्हा तीच दबली. पुन्हा तीच. तीनदा. मग सगळं शांत.

आणि मला सांगायला लाज वाटते, पण त्या शांततेत मी टकटकीची वाट बघत होतो. टकटक झाली नाही.

गुरुजी उठले. माणूस धीराचा. जवळ जाऊन त्यांनी पियानो उलटा केला. सेलची जागा रिकामी. त्यांनी तसाच टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"सलीमभाऊ, सेल त छपरावर हायत ना?"

मी म्हणालो, "गुरुजी, हा माझ्या अब्बांचा हात आहे." आणि ते बोललो तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. हात इथं आहे तर अब्बा कुठे आहेत? मी गुरुजींना म्हटलं मला घरी सोडा, आत्ताच्या आत्ता. त्यांनी लगेच मोटरसायकलला किक मारली. त्या रस्त्यावर मी एवढी दुवा मागितली, आयुष्यात तेवढी मागितली नसेल. एकच मागत होतो, की मला चुकलो म्हणायला मिळू दे.

दुकानाचं दार नुसतं लोटलेलं होतं. अब्बा पाटाजवळ आडवे पडले होते. कानस बाजूला, तोंड एका बाजूला ओढलेलं, श्वास चालू. लकवा. बाजूच्यांनी काळीपिवळी जीप मिळवून दिली आणि आम्ही चंद्रपूरला निघालो. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, संध्याकाळपर्यंत असेच पडून राहिले असते तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. संध्याकाळ म्हणजे माझी शेवटची बस. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो, लोक बघत होते तरी रडलो.

अब्बा वाचले. उजवा हात मात्र गेला. ज्या हाताचं काही काम नाही असं मी म्हणालो होतो, तो.

चार दिवस त्यांना बोलता येत नव्हतं. शाळेत काय झालं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, अम्मीलासुद्धा नाही. गुरुजी मला चंद्रपूरच्या जीपमध्ये बसवून परत गेले होते, ते दवाखान्यात आलेच नव्हते. पाचव्या दिवशी मी पाणी पाजत होतो तेव्हा अब्बांनी जड जिभेने विचारलं, डब्बा कुठी हाय. शाळेत आहे म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले,

"वरची काळी तीन अडते त्याची. अंदर काहीतरी हाय."

माझ्या हातातून पेला पडला. अम्मी म्हणाली काय झालं? काय सांगू तिला!

पियानो घरी आणला आणि खोलून बघितला. शेवटच्या सप्तकातल्या काळी तीनच्या फटीत धानाचा एक दाणा अडकलेला होता, कुसळासकट. पोत्यांवरून नेला तेव्हाच गेला असणार. एवढ्या वर माझी बोटं कधी जात नव्हती, म्हणून पाच दिवस वाजवूनही मला पत्ता नव्हता.

आता तुमच्या डोक्यात जे येतंय ते सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलंय. अब्बांनी घरी गुपचूप वाजवून बघितला असेल? पण धान गेलं ते ट्रॅक्टरवर, आणि त्यानंतर पियानो घरी आलाच नव्हता. यंत्रात वीज साठून राहिली असेल? नागपूरच्या मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला राहिली तरी दोन-चार सेकंद. वर वीज पट्टी दाबत नाही हो, बोट दाबतं! मला भास झाला म्हणाल तर गुरुजींना पण तोच भास, त्याच वेळी? मेश्राम गुरुजी आता रिटायर झाले आहेत. भेटले की आम्ही पिकापाण्याचं बोलतो, हा विषय दोघंही काढत नाही.

महिन्याने अब्बांना घरी आणलं. दोन दिवस मी हिंमत गोळा करत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पियानो त्यांच्या खाटेवर ठेवला, वायर लावली, आणि म्हणालो, "अब्बा, चुकलो. हात फिरवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डावा हात उचलला आणि डावीकडून सुरू केलं. सवय नसलेला हात, पण चाल तीच. एकही पट्टी सोडली नाही. काळी तीनवर थांबले. तीनदा दाबली. तिन्ही वेळा ती टपकन वर आली. मग पुढे गेले, अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत. अम्मी दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. तिला वाटलं बापलेकाचं भांडण मिटलं, एवढंच.

मी टकटकीची वाट बघत होतो. अब्बांनी दोन बोटं उचलली, आणि तशीच हवेत धरून मला विचारलं,

"त्या दिवशी मी टकटक केली नव्हती ना रे?"

कसाबसा म्हणालो, "नाही अब्बा."

"मंग बराबर हाय," म्हणाले, आणि दोनदा टकटक केली.

त्यानंतर अब्बा चार वर्षं होते. मी कितीदा तरी विषय काढायचा प्रयत्न केला, पण ते दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे. पियानो अजून माझ्याकडे आहे, चालतो. भुताखेतांवर माझा विश्वास आजही नाही. फक्त ते सहा सेल छपरावर होते, आणि ते मी माझ्या हाताने ठेवले होते. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.