लावणीआधी टोचलेली लस

डॉ. मुलाणी साहेबांना मी प्रथम पाहिले ते कापूरहोळच्या फाट्यावर, भोरच्या एसटीत. पशुवैद्यकीय दवाखान्यात नव्याने रुजू व्हायला मी निघालो होतो. साहेबांनी मिळालेल्या जागेवर लशीचा थर्मास ठेवला आणि स्वतः दांडी धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "डाक्टर, ह्याचं बी तिकीट काढा." साहेब हसले, थर्मास काही हलवला नाही.

अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी त्यांचे गुण लिहायला बसलो, तर त्यांचा निरोप आला, "पासलीची गोष्ट येणार नसेल तर लेख देऊ नका." म्हणून लिहितो आहे.

कोंबड्यांच्या मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, आधी डोळ्यात थेंब देतात आणि काही आठवड्यांनी पंखाखाली लस टोचतात. मधले अंतर राखावेच लागते. पहिल्या लशीचा जोर अंगात असताना दुसरी दिली, तर पहिलीच तिला गिळून टाकते. त्या वर्षी पासलीच्या वाडीत थेंब देऊन झाले होते आणि भातलावणी तोंडावर आली होती. तिथल्या तानूबाई म्हणाल्या, "लावणीत आमी समदी खाचरात. कोंबड्या डालायला घरी कोन ऱ्हानार? आत्ताच टोचा." अवघ्या वाडीने तोच धोशा लावला. साहेबांना कुणाला नाही म्हणणे कधी जमले आहे? त्यांनी मुदतीआधीच लस टोचली.

दिवाळीच्या सुमारास मानमोडी आली. तानूबाईंचे डालगे रिकामे झाले. एकटी बाई, मीठमिरची अंड्यांवरच चालायची. दवाखान्यात सबब तयार होती, वाटेत थर्मासमधला बर्फ वितळून लस बिघडली म्हणायचे, बघायला कोण येतंय! साहेब मात्र थेट पासलीला गेले आणि देवळापुढे, साऱ्यांदेखत, खालमानेने म्हणाले, "लस चांगली होती. अंतर मला माहीत होतं. घाई मी केली."

शेजारी उभ्या असलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खरे सांगतो, त्यांचा रागही आला. एवढे बोलायची काय गरज होती?

"आता कुठल्या तोंडानं येऊ इथं?" त्यांनी तानूबाईंना विचारले.

"त्याच तोंडानं या," तानूबाई म्हणाल्या. "न्हाई आलात तर फुडल्या साली टोचायचं कुनी?"

पुढच्या वर्षी साहेब ठरल्या वेळी, ऐन लावणीत गेले. तानूबाई खाचर सोडून कोंबड्या डालग्याखाली डालून बसल्या होत्या. पुढे बर्ड फ्लूची धास्ती पसरली, तेव्हा "याची लस आपल्याकडे नाही, कोंबड्या आवरून ठेवा," हे त्यांचे बोलणे वाडीने मुकाट ऐकले.

तरीही तानूबाई दिसल्या की साहेब आजही नजर चुकवतात. परवा सत्काराचे विचारायला गेलो, तर म्हणाले, "हार त्या बाईंच्या हातून नको. मला सोसायचं नाही."

साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हार मात्र तानूबाईच घालणार आहेत. त्यांनी मला तसे बजावले आहे.