दात आंबले की घासायचे!

गेल्या महिन्यात माठातलं पाणी पुढच्या दातांना लागलं आणि मी कळवळले. आरशात बघते तो दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झालेल्या. आमच्या ह्यांची कवळी वाटीत पडून हसत असते. आता तिच्या शेजारी माझीही वाटी येणार, या धास्तीने सुनेला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"आजी, कोल्ड्रिंक पिता?"

"छे गं."

"पित्ताचं आंबट पाणी घशाशी येतं?"

"नाही बाई."

"मग आंबट खाणं?"

सून म्हणाली, "आई, सांगा की तुमची ती द्राक्षं!"

सांगावंच लागलं. लग्न होऊन निफाडला गेले तेव्हा बागेत घडांतले जास्तीचे हिरवे मणी कात्रीने काढायचं काम आम्हा बायकांकडे असे. मोठ्या जाऊबाई मणी खाली टाकत, मी पदरात. मीठ लावून इतके खायचे, की दात आंबून भाकरीसुद्धा चावेना. आता दात 'आंबले' म्हणजे आंबटपणा त्यांच्यावर चिकटून बसला, असा या शहाणीचा समज! मग काय, लगेच राखुंडी घेऊन खसाखसा घासायचे. जाऊबाई म्हणायच्या, "अगं, दात हायेत का पितळेचा तांब्या?" मी त्यांनाच दात विचकून दाखवायची आणि गल्लीतल्या पोरींनाही हीच विद्या शिकवायची.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "आजी, आंबटाने दाताचा वरचा थर मऊ पडतो. तेव्हाच घासलं की तो झिजून जातो. त्या वेळी नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरायची. ब्रश अर्ध्या तासाने, तोही हलक्या हाताने."

"आणि रोजचं लिंबूपाणी?" सुनेने चुगली केली. "पेपर संपेपर्यंत घोट घोट चालतं. मग लगेच ब्रश."

"म्हणजे दात लिंबात मुरत घालता की!"

मी जीव मुठीत धरून विचारलं, "काढावे लागतील?"

"नाही हो. गेलेला थर परत येणार नाही, पण उरलेला टिकवू. पुढच्या वेळी कडांवर थोडं भरून देईन. तोवर कडक काही पुढच्या दातांनी तोडू नका, फोडी करून खा."

येताना मी गाडीवरचे पेरू घेतले. सुनेने पातळ फोडी करून पुढ्यात ठेवल्या. मी दाढेखाली अशी काही कुरुमकुरुम लावली, की ती म्हणाली, "आई, हळू!"

हळू कशाला? दात सगळे माझेच आहेत.