गोठलेल्या तळ्याची ओटी

मुलीने हट्टाने आम्हा दोघांना भर थंडीत डोंगरातल्या तळ्याकाठच्या रिसॉर्टवर पाठवलं होतं. खोलीतून तळ्याकडे जायची वाट कॅसिनोच्या दालनातून होती. सकाळीच माणसं यंत्रांपुढे बसलेली; चित्रं फिरून थांबायची, की पुन्हा बटण. त्यांच्यामधून माझी बायको काठी टेकत, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने ठामपणे चालली होती. पिशवीत खण, तांदूळ, हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी. नवं पाणी दिसलं की आमच्याकडे त्याची ओटी भरतात.

तळं मात्र गोठलेलं होतं.

"वरच ठेव आणि चल," मी म्हटलं.

"अहो, बर्फाची कसली ओटी? पाण्याची भरायची असते."

काठावर वाकून ती काठीच्या टोकाने एकाच जागी ठोकत राहिली. कुणी बघतंय का, म्हणून मी मागे पाहिलं. कॅसिनोच्या काचेआड सगळे नशिबाकडे डोळे लावून बसले होते. मलाही तसं बसणंच जमतं. काही गोष्टी आपोआप जुळून येतात, यावर माझी श्रद्धा आहे. हिची नाही.

टवके उडाले, तडा गेला, आणि वाटीएवढं काळं पाणी वर आलं. हिने तांदूळ आणि खोबरं सोडलं, खण मात्र पाण्याला लावून परत पिशवीत घातला. "तळं घाण करायचं नाही," म्हणाली, आणि उरलेले तांदूळ पाण्यात सोडायला माझ्या हातावर ठेवले.

तेवढ्यात त्या पाण्यावर पुन्हा बर्फाची पातळ साय धरू लागली.

मी तिच्याकडून काठी मागून घेतली.